मार्सेलिसची उडी आणि त्यानंतरचे पाचशे मीटर

ज्यांचं नेटवर्क लोकलमध्ये नेमकं बोगद्यात जातं आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ती वाक्यं सरळ केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे राजकीय आश्रय. म्हणजे आपल्या देशातलं सरकार आपल्या मागे लागलंय म्हणून दुसऱ्या देशाच्या दारात जाऊन ‘मला आत घ्या’ असं सांगणं. बातम्यांमध्ये ‘असायलम’ हा शब्द आपण ऐकतो तो सीरिया, अफगाणिस्तान, म्यानमार या नावांसोबत. पण या विषयावरचा एक जुना आंतरराष्ट्रीय खटला चालला तो भगूरच्या माणसावरून, आणि तो हेगला चालला. त्या खटल्याच्या आधीची गोष्ट आपल्यातल्या प्रत्येकानं शाळेत ऐकली आहे. सावरकरांची मार्सेलिसची उडी.

उडी सगळ्यांना माहीत आहे. मला आज बोलायचंय ते उडीनंतर काय झालं यावर.

एक गोष्ट आधीच सांगतो. सावरकर म्हटलं की कमेंट बॉक्समध्ये दोन तट पडतात. आजच्या प्रश्नासाठी तुम्ही कुठल्या तटात आहात यानं काही फरक पडत नाही. प्रश्न साधा आहे: एका देशातून पळालेला माणूस दुसऱ्या देशाच्या जमिनीवर पाय टेकवतो, तेव्हा त्याला नेमका कोणता हक्क मिळतो?

लंडन सगळ्यांना आसरा देतं, पण

१९०६ साली सावरकर बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले. तिथल्या हायगेट भागात श्यामजी कृष्णवर्मांनी आदल्याच वर्षी ‘इंडिया हाउस’ सुरू केलं होतं. तिथे राहून त्यांनी केलेलं पहिलं मोठं लेखन म्हणजे इटलीचा क्रांतिकारक जोसेफ मॅझिनी याच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद.

आता हा मॅझिनी कोण? इटलीतल्या राजांविरुद्ध बंड करणारा, मायदेशात फाशीची शिक्षा झालेला माणूस. आणि तो आयुष्याची कितीतरी वर्षं राहिला कुठे? लंडनमध्ये. कार्ल मार्क्स १८४९ ला लंडनला आला आणि तिथेच वारला. हंगेरीचा कोशूत, फ्रान्सचे पराभूत क्रांतिकारक, रशियातले झारविरोधक, सगळ्यांना लंडननं राहू दिलं. इंग्रजांना याचा मोठा अभिमान होता.

किती अभिमान? १८५८ साली ऑर्सिनी नावाच्या एका इटालियन माणसानं पॅरिसमध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनवर बॉम्ब फेकले. सम्राट वाचला, पण आठ माणसं मेली. ते बॉम्ब तयार झाले होते इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला. या कटात मदत केल्याच्या आरोपावरून सिमॉन बर्नार या फ्रेंच निर्वासितावर लंडनमध्ये खटला चालला, आणि इंग्रज ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं. फ्रान्स संतापला, लंडनच्या गर्दीनं जल्लोष केला.

पुढे १८७० मध्ये ब्रिटननं प्रत्यार्पणाचा कायदाच केला आणि त्यात लिहिलं, की राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी कुणालाही परक्या देशाच्या ताब्यात दिलं जाणार नाही. बेल्जियमनं असा कायदा १८३३ सालीच केला होता. युरोपात हे तत्त्व एव्हाना रुळलं होतं. चोर परत द्या, राजकीय कैदी परत देऊ नका.

मग सावरकरांना हे का लागू झालं नाही?

उत्तर एका शब्दात आहे: ‘परक्या’. १८७० चा कायदा परक्या देशांसाठी होता. हिंदुस्थान ब्रिटनला परका नव्हता, तो त्यांच्याच मालकीचा होता. साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात माणूस पाठवायचा तर त्यासाठी वेगळा कायदा होता, १८८१ चा ‘फ्युजिटिव्ह ऑफेंडर्स अ‍ॅक्ट’. त्यात राजकीय गुन्ह्याची सवलत नव्हती. म्हणजे बघा, मॅझिनीला लंडनमध्ये आसरा होता, पण मॅझिनीचं पुस्तक मराठीत आणणाऱ्याला नव्हता. इटलीच्या राजाचा शत्रू तिथे पाहुणा, आणि ब्रिटिश राजाची हिंदी प्रजा मात्र घरातलाच गुन्हेगार.

आरोप काय होते

हेही टाळून चालणार नाही. १ जुलै १९०९ ला मदनलाल धिंग्रांनी लंडनमध्ये कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. त्याच्या काही आठवडे आधी सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव यांना, राजद्रोही ठरवलेल्या कविता छापल्याबद्दल जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकमध्ये विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेनं कलेक्टर जॅक्सनचा खून केला. संस्कृतचा अभ्यासक म्हणून त्या जॅक्सनला लोक ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. तपासात निघालं की वापरलेलं ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून आलेल्या वीस पिस्तुलांपैकी एक होतं, आणि ती सावरकरांनी पाठवली होती.

म्हणजे एकीकडे भाषणं, लेख, कविता यांच्यावरचा राजद्रोहाचा आरोप, आणि दुसरीकडे खुनाला मदत केल्याचा. हा राजकीय गुन्हा की साधा गुन्हा? आजही आश्रय मागणाऱ्यांच्या कितीतरी केसेस याच प्रश्नावर अडतात. पण हा प्रश्न कुणीतरी बसून ऐकायचा असतो. दोन्ही बाजू समजून घेऊन ठरवायचा असतो. इथे तो ऐकलाच गेला नाही, आणि आजच्या गोष्टीचा गाभा तोच आहे.

१९१० च्या सुरुवातीला सावरकर पॅरिसमध्ये होते. तिथे मादाम कामा होत्या, श्यामजी तर १९०७ पासूनच लंडन सोडून पॅरिसला आले होते. फ्रान्समध्ये ते सुरक्षित होते, ब्रिटिश पोलीस तिथे त्यांना हात लावू शकत नव्हते. तरी १३ मार्च १९१० ला सावरकर लंडनला परतले आणि व्हिक्टोरिया स्टेशनवर उतरताच पकडले गेले. ब्रिक्स्टनच्या तुरुंगात काही महिने, कोर्टात लढाई, शेवटी हिंदुस्थानात पाठवण्याचा हुकूम. १ जुलैला पी अँड ओ कंपनीची ‘मोरिया’ बोट त्यांना घेऊन निघाली.

पाचशे मीटर

७ जुलैच्या संध्याकाळी मोरिया मार्सेलिसला लागली. ८ तारखेच्या सकाळी सावरकर शौचालयात गेले, तिथल्या गोल खिडकीतून अंग बाहेर काढलं आणि पाण्यात उडी घेतली.

आता लहानपणापासून आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र आहे ते असं: खवळलेला समुद्र, दूरवर किनारा, आणि वरून गोळ्यांचा वर्षाव. या भागासाठी मी हेगच्या लवादाचा निकाल वाचला. त्यात फ्रेंच पोलिसाच्या अहवालाचा सारांश आहे, आणि तो वेगळंच चित्र दाखवतो. बोट धक्क्यालाच लागलेली होती. तो पोलीस सांगतो, की जवळजवळ उघड्या अंगाचा एक माणूस खिडकीतून निघून पाण्यात पडला आणि पोहत धक्क्याला आला. त्याच वेळी बोटीवरची माणसं ओरडत, हातवारे करत, बोटीवरून धक्क्यावर उतरायच्या पुलावरून धावत आली. धक्क्यावरचे लोकही ‘पकडा, पकडा’ ओरडू लागले. पोलीस मागे धावला आणि साधारण पाचशे मीटरवर त्यानं त्या माणसाला गाठलं.

म्हणजे पोहणं थोडं, धावणं जास्त. यानं धाडस कमी होतं असं मला वाटत नाही. उलट आता कळतं की ते का धावत होते. पाण्यात असेपर्यंत ते ब्रिटिशांचे कैदी होते. धक्क्यावर चढले आणि फ्रान्सच्या जमिनीवर आले. फ्रान्सनं १७९३ च्या संविधानात लिहून ठेवलं होतं, की स्वातंत्र्यासाठी मायदेशातून हाकलल्या गेलेल्यांना आम्ही आश्रय देऊ. ते संविधान कधी अमलात आलं नाही, पण तो विचार फ्रान्समध्ये टिकला. कायद्याचा अभ्यास केलेल्या सावरकरांना हे सगळं माहीत होतं. फ्रेंच जमिनीवर ब्रिटिश पोलीस त्यांना पकडू शकत नव्हते. त्यांना हवा होता एक फ्रेंच मॅजिस्ट्रेट. चरित्रकार सांगतात की त्यांनी त्या पोलिसाला तेच सांगितलं: मला अटक कर, पण मॅजिस्ट्रेटकडे ने.

पण सांगितलं इंग्रजीत. आणि समोर होता ब्रिगेडियर पेस्किए. ब्रिगेडियर शब्दानं फसू नका, हा लष्करातला मोठा अधिकारी नव्हे. बंदरावर गस्त घालणाऱ्या दलातला तो साधा हुद्देदार, आपल्याकडच्या हवालदारासारखा. त्याला सावरकर कोण हे ठाऊकच नव्हतं. त्याला वाटलं, बोटीवरचा कुणी खलाशी काहीतरी गुन्हा करून पळतोय. मागून आलेल्या लोकांच्या मदतीनं त्यानं त्या माणसाला परत बोटीवर नेलं आणि ब्रिटिशांच्या हाती दिलं. काही मिनिटांत सगळं संपलं.

मोरिया ९ तारखेच्या सकाळपर्यंत बंदरातच उभी होती. तिला कुणी अडवलं नाही.

हेगमध्ये काय झालं

बातमी फुटली आणि पॅरिसमध्ये गदारोळ झाला. समाजवादी नेते जाँ जोरेस यांच्या ‘ल्युमानिते’ वर्तमानपत्रानं प्रकरण लावून धरलं. त्यात लिहिणारा एक होता जाँ लाँगे, कार्ल मार्क्सचा नातू. आजोबांना लंडननं आसरा दिला, आणि नातू लंडनच्या कैद्यासाठी पॅरिसमध्ये लेख लिहीत होता. फ्रेंच सरकारनं मग ब्रिटनकडे मागणी केली: आमच्या जमिनीवरून नेलेला माणूस परत द्या. ब्रिटननं नकार दिला. शेवटी २५ ऑक्टोबर १९१० ला दोघांनी करार केला की हा वाद हेगच्या कायम लवाद न्यायालयाकडे द्यायचा.

पाच जणांचा लवाद बसला. अध्यक्ष बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेर्नार्ट, सोबत फ्रान्सचे लुई रेनो. या दोघांनाही शांततेचं नोबेल मिळालेलं होतं. बाकीचे तिघे ब्रिटन, नॉर्वे आणि नेदरलँड्सचे. फेब्रुवारी १९११ मध्ये चारच दिवस बैठका झाल्या आणि २४ फेब्रुवारीला निकाल आला.

निकालाचा आशय असा. ब्रिटिशांनी बळ वापरलं नाही, फसवणूक केली नाही. बोटीवर कैदी आहे हे फ्रेंच पोलिसांना आधीच कळवलेलं होतं. सगळे जण प्रामाणिकपणे वागले. अटक आणि ताबा देणं यात अनियमितता झाली, हे लवादाला मान्य आहे. पण परक्या देशाच्या अंमलदाराच्या चुकीमुळे कैदी हाती आला म्हणून त्याला परत द्यायला लावणारा कोणताही नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. म्हणून परत देण्याची गरज नाही.

‘चूक झाली, पण त्या चुकीचा फायदा ज्याला झाला त्याला तो ठेवू द्या.’ माझ्या भाषेत सांगायचं तर हे असं.

तारखा जुळवून बघा आता. मुंबईच्या विशेष न्यायालयानं सावरकरांना पहिली जन्मठेप दिली २४ डिसेंबर १९१० ला, आणि दुसरी ३० जानेवारी १९११ ला. मिळून पन्नास वर्षं. हेगचा निकाल त्यानंतर आला. म्हणजे या माणसाला इथे आणणं बरोबर होतं का, हा प्रश्न लवादापुढे असताना इकडे शिक्षा देऊनही झाली होती.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. त्या निकालात सावरकर पक्षकार नाहीत. त्यांचा वकील नाही, त्यांचं म्हणणं नाही. वादी फ्रान्स, प्रतिवादी ब्रिटन. फ्रान्सची तक्रार ‘या माणसाला धोका आहे’ अशी नव्हती, तक्रार होती ‘आमच्या सार्वभौमत्वाला धक्का लागला’ अशी. दोन शेजाऱ्यांनी कुंपण कुणाचं यावर भांडावं तसं. कारण त्या काळच्या कायद्यात आश्रय हा माणसाचा हक्क नव्हताच. तो देशाचा अधिकार होता, मर्जी असेल तर द्यायचा.

त्याच वर्षी, त्याच झेंड्याखाली

आता थोडं मार्सेलिसमधून आपल्या देशात येऊ, कारण फ्रेंच झेंडा इथेही फडकत होता. ४ एप्रिल १९१०, म्हणजे सावरकरांच्या उडीच्या तीन महिने आधी, अरविंद घोष पाँडिचेरीला उतरले. त्यांच्याही मागे ब्रिटिश वॉरंट होतं. तमिळ कवी सुब्रमण्य भारती १९०८ पासूनच तिथे होते. लंडनमधले सावरकरांचे सहकारी व. वे. सु. अय्यर हेही पुढे पाँडिचेरीलाच पोचले. ब्रिटिश हेर गल्लीबोळांत फिरत, पण कुणाला उचलून नेता येत नव्हतं. अरविंद १९५० साली मृत्यूपर्यंत तिथेच राहिले. भारती नोव्हेंबर १९१८ मध्ये हद्द ओलांडून बाहेर आले आणि कडलूरजवळ लगेच पकडले गेले.

झेंडा तोच, वर्ष तेच, पाठलाग करणारेही तेच. मग फरक कशाचा? अरविंद गुपचूप पोचले आणि राहू शकले. सावरकर ओल्या अंगानं, ओरडणाऱ्या गर्दीच्या पुढे धावत पोचले, आणि त्यांना भेटलेल्या पहिल्या माणसाला त्यांची भाषा कळली नाही. फ्रेंच जमीन दोघांनाही मिळाली होती. ‘तू कोण, का पळतोयस’ हे विचारून उत्तर समजून घेणारं कुणी सावरकरांच्या वाट्याला आलं नाही.

आणि देशाच्या मर्जीवरचा आश्रय किती टिकतो, तेही बघा. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि ब्रिटन एकाच बाजूनं लढू लागले, तेव्हा ज्या फ्रान्सनं मादाम कामांना इतकी वर्षं राहू दिलं, त्याच फ्रान्सनं त्यांना नजरकैदेत टाकलं. श्यामजी त्याआधीच जिनिव्हाला निघून गेले होते.

मग कायदा बदलला का?

बदलला, पण त्यासाठी दोन महायुद्धं लागली. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात चौदावं कलम आलं. मसुद्यात आधी होतं, की छळापासून वाचण्यासाठी दुसऱ्या देशात आश्रय ‘मागण्याचा आणि मिळण्याचा’ हक्क. ब्रिटननं दुरुस्ती सुचवली आणि ते झालं ‘मागण्याचा आणि उपभोगण्याचा’. फरक लक्षात आला? मागा, हक्क तुमचा. मिळाला तर उपभोगा. पण द्यायचं बंधन कुणावर नाही.

खरा बदल १९५१ च्या निर्वासित करारात आहे, कलम ३३ मध्ये. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यामुळे ज्या ठिकाणी जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, तिथे कुणाही निर्वासिताला परत ढकलायचं नाही. याला अपवाद आहेत. गंभीर स्वरूपाचा अराजकीय गुन्हा केलेल्याला हा करार संरक्षण देत नाही. पण अपवादात बसतो की नाही हे ठरवायला आधी त्याचं ऐकावं लागतं. पेस्किएनं जे केलं, म्हणजे न विचारता परत देणं, नेमकं तेच या कलमानं बंद केलं.

कागदावर तरी. ६ मे २००९ ला इटलीच्या गस्ती बोटींनी लाम्पेदुसा बेटाच्या दक्षिणेला समुद्रात काही नावा अडवल्या. त्यात सोमालिया आणि एरिट्रियाचे लोक होते. त्यांना इटलीच्या जहाजांवर घेतलं आणि सरळ लिबियाला नेऊन सोडलं. नावं विचारली नाहीत, कुठून आलात, का आलात, काही नाही. त्यांतल्या चोवीस जणांनी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली, आणि २३ फेब्रुवारी २०१२ ला न्यायालयानं निकाल दिला: इटली चुकली. जहाजावर असले तरी ते लोक इटलीच्याच ताब्यात होते, त्यांचं ऐकायला हवं होतं. हेगच्या निकालानंतर एकशे एक वर्षांना एक दिवस कमी. या वेळी वादी म्हणून नावं होती ती माणसांची.

आपल्या देशाचं काय? भारतानं १९५१ च्या करारावर आजवर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. १९५९ मध्ये दलाई लामांना आपण आश्रय दिला, तो सरकारनं निर्णय घेऊन. चकमा निर्वासितांच्या बाबतीत १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जगण्याचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे. पण दारात आलेल्या माणसाचं कोण ऐकणार, किती दिवसांत, कोणत्या भाषेत, हे ठरवणारा कायदा नाही. आश्रय आपल्याकडे आजही बराचसा १९१० सारखा आहे: मर्जी असेल तर मिळतो.

सरकारं मर्जीनं वागतात तेव्हा ती माणूस बघून वागतात. आपल्या बाजूचा असेल तर स्वातंत्र्यसैनिक, नसेल तर फरारी. ज्यांना सावरकर प्रिय आहेत त्यांना मार्सेलिसचा अन्याय लगेच दिसतो. ज्यांना ते पटत नाहीत त्यांनी तिथे एखाद्या सोमाली किंवा अफगाण पोराला धावताना बघावं. आणि ज्यांना त्या पोराबद्दल काही वाटत नाही, त्यांनी सावरकरांना बघावं. पाचशे मीटर तेच आहेत, आणि शेवटी उभा असलेला पोलीसही तोच.

तर मंडळी, आज इथेच थांबतो. कायद्याचं शिकणारे कुणी ऐकत असाल तर हेगचा मूळ निकाल शोधून नक्की वाचा, चहा संपेपर्यंत वाचून होईल एवढाच आहे. आणि तुमच्या शाळेत ही उडी कशी शिकवली होती ते मला कळवा. गोळ्यांचा वर्षाव कुणाकुणाच्या पुस्तकात होता, ते मला खरंच जाणून घ्यायचंय. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.